घराच्या व्यवहारात फसवणूक झाली तर: फौजदारी तक्रार, कलमं आणि शिक्षा

फ्लॅटचे पैसे बुडाले की माणूस आधी एजंटला फोन करत राहतो, मग बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालतो आणि सगळे उपाय थकले की पोलीस ठाण्याची पायरी चढतो. हातातल्या अर्जात लिहिलेलं असतं, 'माझी घोर फसवणूक झाली असून संबंधितांवर ४२० खाली कडक कारवाई व्हावी.' ठाण्यातले अधिकारी अर्ज चाळतात आणि म्हणतात, 'हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.' बहुतेक जण इथेच अडकतात. पोलिसांची टाळाटाळ असतेच, पण अनेकदा अर्जात दुःख असतं, रक्कम असते, गुन्हा मात्र कुठे दिसत नाही. कोणतं खोटं, कोणी, कोणत्या तारखेला सांगितलं आणि ते कोणत्या कागदावरून सिद्ध होतं, एवढं अर्जातून दिसलं की कलमं आपोआप ठरतात आणि शिक्षा कलमांवर ठरते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. महाराष्ट्रात पहिल्यांदाच घर घेणारे आणि पहिल्यांदाच पोलीस ठाण्यात जाणारे, दोघांसाठी.

पायरी १: खोटं कधी सांगितलं गेलं ते शोधा

पैसे परत दिले नाहीत किंवा ताबा वेळेवर दिला नाही, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. तो कराराचा भंग होतो आणि त्यावर रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय असे मार्ग आहेत. फौजदारी गुन्ह्यासाठी पैसे घेतानाच समोरच्याच्या मनात लबाडी होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा पुन्हा सांगितलं आहे आणि आरोपीचा वकील अटकपूर्व जामिनाच्या अर्जात पहिला मुद्दा हाच घेतो.

मन कोणाला दिसत नाही, ते कागदातून दाखवायचं असतं. ज्या दिवशी तुमच्याकडून बुकिंगचे पैसे घेतले त्या दिवशी तोच फ्लॅट आधीच दुसऱ्याला नोंदणीकृत कराराने विकलेला होता का? बांधकाम परवानगी म्हणून दाखवलेला कागद महापालिकेने दिलेलाच नव्हता का? जागा बँकेकडे गहाण होती का? जमिनीच्या मालकाने विकासाचे हक्क दिलेच नव्हते का? यातलं एक जरी 'हो' असेल तर तुमच्याकडे फौजदारी बाजू आहे. उलट प्रकल्प खरा होता, परवानग्या खऱ्या होत्या आणि पुढे बिल्डरकडचे पैसे संपले, तर पोलिसांपेक्षा महारेराकडे, म्हणजे रेराखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, लवकर न्याय मिळेल.

आता तुमच्या करारनाम्याचं ते पान काढा, जे वाचायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. त्यात साधारण असं वाक्य असतं: 'सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित असून तिच्यावर कोणत्याही प्रकारचे गहाण, दान, लीन, पोटगी अथवा कोर्टदरबारी वाद नाहीत.' खाली विक्रेत्याची सही, अंगठा आणि फोटो. मिळकत त्या दिवशी गहाण होती, एवढं एका दाखल्याने सिद्ध झालं की हे वाक्य म्हणजे सहीनिशी केलेली खोटी बतावणी ठरते. तक्रारीत ते वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह उतरवा.

पायरी २: तुमचा प्रकार कोणत्या कलमात बसतो

आधी तारीख पाहा. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागते, त्या दिवशी किंवा नंतर घडला असेल तर भारतीय न्याय संहिता. लोकांच्या तोंडी '४२०' पक्कं बसलं आहे, पण नव्या कायद्यात ते कलम ३१८ चं पोटकलम ४ झालं. शिक्षा तीच आहे, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

पैसे एका कामासाठी सोपवले आणि त्याने ते भलतीकडे वळवले, तर तो फौजदारी विश्वासघात. जुन्या कलम ४०६ मध्ये याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. व्यापारी किंवा एजंट या नात्याने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. मात्र एक लक्षात ठेवा. फसवणुकीत लबाडी सुरुवातीपासून असते, विश्वासघातात ती नंतर शिरते. त्याच रकमेबद्दल, त्याच घटनाक्रमावर दोन्ही कलमं एकत्र टिकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोलिसांना सुनावलं आहे. तेव्हा अर्जात कलमांची माळ लावू नका. घटना नीट लिहा.

सर्वात कडक शिक्षा बनावट दस्ताला आहे. खरेदीखत, मृत्युपत्र, हक्क निर्माण करणारा कोणताही दस्त बनावट तयार केला तर कलम ३३८ खाली (जुनं ४६७) दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. फसवणुकीसाठी इतर कागद बनावट केले तर कलम ३३६(३) खाली सात वर्षांपर्यंत. असा कागद स्वतः तयार न करता खरा म्हणून वापरणाऱ्यालाही कलम ३४० खाली तीच शिक्षा होते. दुसऱ्याचंच नाव लावून, म्हणजे तोतया मालक उभा करून विक्री केली तर कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत, शिवाय दुय्यम निबंधकासमोर तोतयेगिरी केल्याबद्दल नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत.

हे कागदावरचे किस्से नाहीत. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्यांच्या जोरावर रेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि ६५ इमारतींत लोकांनी कर्जं काढून घरं घेतली. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या कुटुंबांकडे नोंदणीकृत करार होते, बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, रेराचा क्रमांक होता. एवढं सगळं असूनही मूळ परवानगीच खोटी होती. हे वाचून तरी, घर घेण्याआधी बांधकाम परवानगीची खातरजमा थेट महापालिकेच्या नगररचना विभागात करा. गोव्यात तर बनावट जुने दस्त उभे करून, परदेशी गेलेल्या मालकांची वडिलोपार्जित घरं आणि जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणं निघाली, की २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमावा लागला. लंडनला किंवा मस्कतला राहून इकडे घर बंद ठेवणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी आपल्या मिळकतीची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) आणि मालमत्ता पत्रक तपासावं. दोन्ही ऑनलाइन दिसतात.

मुंबई-ठाण्यातला आणखी एक खास प्रकार म्हणजे हेवी डिपॉझिट. एखादा माणूस मूळ मालकाकडून फ्लॅट साध्या भाड्याने घेतो. मग स्वतःला मालक किंवा मालकाचा माणूस म्हणवून तोच फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाला आठ-दहा लाख डिपॉझिटवर, 'भाडं नाही' म्हणून देतो. काही महिने मूळ मालकाला भाडं पोचतं, मग थांबतं आणि एके दिवशी मालक दारात उभा राहतो. डिपॉझिट दिलेल्या कुटुंबाचा मालकाशी काहीच करार नसतो. इथे फसवणुकीचा गुन्हा सरळ उभा राहतो, कारण मालकीची बतावणी पहिल्या दिवशीच खोटी होती. मालकाला दोष देऊ नका, तो तुमचा साक्षीदार आहे. त्याचा जबाब नोंदवून घ्यायला लावा.

बिल्डरच्या बाबतीत आणखी दोन कायदे आहेत. रेरा लागू होण्याआधीच्या इमारतींसाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क फ्लॅट कायदा, म्हणजे मोफा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं, सोसायटी स्थापन न करणं, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे, करून न देणं यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि फ्लॅटधारकांच्या रकमेचा अपहार केल्यास पाच वर्षांपर्यंत. रेरात नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची नोंदणीच केली नाही तर प्रकल्प खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड, आणि तरीही उल्लंघन चालू ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण रेराखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त प्राधिकरणाच्या लेखी तक्रारीवरून घेतं. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन 'रेराचं कलम लावा' म्हणून हट्ट धरण्यात वेळ जातो, तो मुद्दा महारेराकडे मांडा.

'दरमहा अमुक टक्के खात्रीचा परतावा' किंवा 'तीन वर्षांनी दुप्पट रकमेला फ्लॅट परत घेऊ' अशी स्कीम असेल तर १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी, लागू होतो का ते वकिलाकडून तपासून घ्या. त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे आरोपीच्या मालमत्ता जप्त करून त्यातून लोकांचे पैसे परत करण्याची सोय त्यात आहे.

पायरी ३: कागद गोळा करा

तक्रारीआधी आठवडाभर यासाठी द्या. करारनामा किंवा खरेदीखत, पावत्या, पैसे गेल्याचं दिसणारं बँकेचं स्टेटमेंट, माहितीपत्रक, डिमांड लेटर हे तुमच्याकडे असतंच. खरं बळ मिळतं ते सरकारी दप्तरातल्या कागदांतून. तोच फ्लॅट आणखी कोणाला विकला ते पाहायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा आणि प्रत्येक व्यवहाराची सूची क्रमांक दोन काढा. तोतयेगिरीचा संशय असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत घ्या. तिच्यात दस्त करून देणाऱ्याचा फोटो, अंगठा आणि ओळख पटवणाऱ्या दोघांची नावं असतात आणि तपास बहुतेकदा त्या दोघांपासूनच सुरू होतो. परवानगी बनावट वाटत असेल तर माहिती अधिकारात महापालिकेला एकच प्रश्न विचारा, 'सोबत जोडलेल्या क्रमांकाचे व दिनांकाचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आपल्या कार्यालयाने दिले आहे काय?' त्यावर आलेलं एका ओळीचं 'नाही' हे दहा साक्षीदारांच्या तोडीचं आहे.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि रेकॉर्डिंग असलेला मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रिंट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. रेराच्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पाच्या पानाची आजच्या तारखेची प्रिंट काढून ठेवा, पुढे माहिती बदलली जाते.

रोखीने दिलेल्या रकमेबद्दल खोटं लिहू नका. 'वरचे' पैसे दिले असतील तर ते कोणासमोर, कुठून काढून दिले ते आधी वकिलाशी बोला आणि जे सिद्ध करता येईल ते स्पष्ट लिहा. तक्रारदाराचं एक खोटं उघडं पडलं की त्याच्या खऱ्या गोष्टींवरही संशय घेतला जातो.

पायरी ४: अर्ज लिहा आणि द्या

अर्ज तीन-चार पानांत बसवा. तारीखवार घटनाक्रम, प्रत्येक घटनेसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. कोणी, कुठे, काय सांगितलं, त्यावर विसंबून तुम्ही किती रक्कम, कोणत्या खात्यात दिली आणि ते खोटं होतं हे तुम्हाला केव्हा, कसं कळलं. आरोपींची नावं लिहिताना प्रत्येकाची भूमिका लिहा. संचालक आहे म्हणून आपोआप आरोपी होत नाही. त्याने चेक घेतला, सही केली, साइटवर येऊन आश्वासन दिलं, असं काहीतरी त्याच्या नावापुढे हवं. साइटवरच्या पगारी मुलापासून बिल्डरच्या बायकोपर्यंत सगळ्यांना गोवणारी तक्रार कमकुवत होते.

जिथे पैसे दिले, जिथे बतावणी झाली किंवा जिथे दस्त नोंदवला त्या हद्दीतल्या ठाण्यात जा. हद्दीचं कारण देऊन तुम्हाला परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते आणि ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे. रक्कम मोठी असेल आणि फसलेले लोक अनेक असतील तर सगळ्यांनी मिळून आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे एकत्र अर्ज द्यावा. एकाच फ्लॅटचे तीन खरेदीदार एका टेबलासमोर बसले की दिवाणी मॅटर म्हणून बोळवण करणं अवघड जातं.

पायरी ५: गुन्हा नोंदवला नाही तर

पैशांच्या व्यवहारात एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी प्रकरणातल्या २०१३ च्या निकालाने पोलिसांना दिली आहे. पण ती साधारण पंधरा दिवसांत आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त सहा आठवड्यांत संपवायची असते. त्यापुढे 'चौकशी चालू आहे' हे उत्तर मान्य करू नका. अर्जाची प्रत स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना पाठवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करा. सोबत शपथपत्र लागतं आणि आधी ठाणेदार आणि अधीक्षक दोघांकडे गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पोच आणि पोस्टाची पावती जपायची. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

पायरी ६: एफआयआरनंतर काय होतं

आरोपी दुसऱ्या दिवशी बेड्यांत दिसेल अशी आशा धरू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात, अटकेला कारणं लिहावी लागतात. बनावट दस्ताचं कलम ३३८ लागलं की चित्र बदलतं. आरोपी अटकपूर्व जामिनाला गेला तर तुम्ही वकिलामार्फत हस्तक्षेप करून विरोध नोंदवू शकता. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा.

पोलीस आरोपीचं बँक खातं गोठवू शकतात. फ्लॅट, जमीन मात्र त्यांना नेहमीच्या जप्तीच्या अधिकारात सील करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१९ मध्ये ठरवलं. त्यासाठी आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७ आहे. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता न्यायालयामार्फत जप्त करून ती फसलेल्यांमध्ये वाटण्याची तरतूद त्यात आहे. तुमचे पैसे कुठे गेले याचा माग तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, त्यातून कुठला भूखंड घेतला. ही माहिती जितकी नेमकी, तितकी जप्तीची शक्यता जास्त.

पायरी ७: फौजदारीसोबत दुसरी बाजूही लढा

आरोपीला शिक्षा झाली तरी बनावट खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करायला दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो आणि त्याची मुदत, खोटेपणा कळल्यापासून तीन वर्षं आहे. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या कितीतरी जणांची ही मुदत निघून जाते आणि ते नुकसान भरून येत नाही. दावा लावल्यावर त्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुंबईत ती नोंदलेली नसेल तर दावा चालू असताना मिळकत विकत घेणारा मोकळा सुटू शकतो. ताबा रखडला असेल तर रेराच्या कलम १८ खाली पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. आदेश पाळला नाही तर वसुली वॉरंट निघतं आणि जिल्हाधिकारी ती रक्कम महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.

गुन्हा दाखल झाला की समोरचा बहुतेक वेळा तडजोडीला येतो. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, त्यामुळे तडजोड बेकायदा नाही. पण पुढच्या तारखांचे चेक हातात घेऊन 'माझी तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. संमतीपत्रात हप्ते, तारखा आणि चेक क्रमांक लिहा. शेवटचा चेक वटल्यावरच ना-हरकत देईन, हेही त्यातच घाला. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत स्पीड पोस्टाने मागणी नोटीस पाठवा, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहा आणि त्यानंतर महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार दाखल करा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे, आणि तो खटला मूळ गुन्ह्याहून वेगळा चालतो.